खाली पार्किंग आहे

आमचा धंदा मांडवाचा. आजोबा बल्ल्या आणि काथ्या भाड्याने द्यायचे, वडिलांनी लोखंडी पाइप आणले, मी ॲल्युमिनियमचे ट्रस, म्हणजे जोडायचे जाळीदार सांगाडे, आणले आणि त्यांचे हप्ते. मांडववाला म्हणजे झालरी लावणारा असं लोकांना वाटतं. झालरी कोणीही लावतो. पहार किती आत गेली, खाली मुरूम लागला की काळी माती, रात्री पाऊस पडला तर ताण सैल होतील का, हे ज्याला कळतं तो मांडववाला. आणि पुण्यात आता नेमकं तेच कळून उपयोग राहिलेला नाही. रस्त्यात खड्डा घेतला की महापालिकेचा दंड, त्यामुळे पेठांतसुद्धा डब्यात काँक्रीट ओतून त्यात वासे उभे करतात. सोसायट्यांचं तर विचारूच नका. लॉन दिसतं, झाडं दिसतात, पण हातभर खाली स्लॅब आणि त्याखाली कुणाची तरी गाडी. पोडियम म्हणतात त्याला. एक खिळा ठोकाल तर वॉटरप्रूफिंग फुटलं म्हणून वर्षभर पत्रं येतात.

गेल्या गणपतीत बाणेर बाजूच्या एका मोठ्या सोसायटीचं काम होतं. सातव्या दिवशी 'गावची जत्रा'. वासुदेव, नंदीबैल, बांगड्यांचं दुकान, भेळेची गाडी, हाताने फिरवायचा लाकडी पाळणा आणि डोंबाऱ्याचा खेळ. ज्यांची गावं दोन तासांवर आहेत, ती माणसं भरल्या गावची जत्रा सोडून इथे पोडियमवर तिची नक्कल मांडतात. मला काय, माझं बिल निघतं. सेक्रेटरी म्हणाले, "कलाकारही तुम्हीच बघा, तुमच्या ओळखी असतात." असतात. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी देतात. मांडवाची कामं धरायला मीही दरवर्षी जातो. तिथल्याच एका मॅनेजरने एका डोंबारी कुटुंबाचा नंबर दिला.

सुपारी 18,000 ची ठरली, 5,000 आगाऊ. सांस्कृतिक समितीच्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "लहान मुलगी असते ना दोरीवर? व्हिडिओ छान येतो." मी हे जसंच्या तसं पुढे विचारलं. पलीकडून म्हातारा म्हणाला, "नात हाय आठ वर्षांची. साळंत जाती. दोरीवर न्हाई चढत. सून चढंल." 2011 साली सुप्रीम कोर्टाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सांगितलं, हे त्याला माहीत होतं. एमबीए झालेल्या बाईंना नव्हतं. आणि बाईंना नावं ठेवतोय खरा, पण तो प्रश्न पोचवताना माझीही जीभ अडखळली नव्हती.

दुपारी बारा वाजता छोटा हत्ती टेम्पो भरून सामान आलं. म्हातारा, मुलगा, सून आणि सुट्टी म्हणून बरोबर आलेली नात. म्हातारा साठीच्या पुढचा, अंगाने काटक. मी त्याला बाबा म्हणायला लागलो, तो मला मालक म्हणायचा. तरुणपणी अठरा वर्षं एका सर्कशीत तारेवर होता. 1998 ला सरकारने वाघ-सिंह-अस्वलांच्या खेळावर बंदी आणली, त्यानंतर कंपनी खंगत गेली. शेवटचे काही महिने पगारच झाला नाही. हिशेबाच्या वेळी सर्कशीच्या मालकाने पैशांऐवजी तार दिली. बोटाएवढी जाड पोलादी तार, ताण आवळायचे दोन टर्नबकल आणि आठ मेखा. मेखा मी हातात घेऊन बघितल्या. हातभर लांब, टोकाला चौकोनी घडवलेल्या, डोकी घणाच्या घावांनी फुलासारखी पसरलेली. आमच्या बाजारात मिळतात त्या गोल सळईच्या, भिजलेल्या मातीत गोल फिरतात आणि सुटतात. या फिरणार नाहीत. कुणीतरी डोकं चालवून केलेलं काम होतं ते.

बाबांनी चप्पल काढली, टाचेने फरशीवर दोनदा आपटलं आणि म्हणाले, "मालक, हितं माती न्हाई."

"माहितीये. बॅरल लावू."

"बॅरल कशाला धरणार?"

आता इथपासून पुढचं मी गेले कित्येक महिने उगाळतोय.

माझ्याकडे दोनशे लिटरचे निळे प्लास्टिकचे बॅरल असतात. पाणी भरलं की एकेक दोनशे किलोचा. मांडवाला, कमानीला, स्टेजच्या मागच्या पडद्याला तेच लावतो, वाऱ्याला पुरून उरतात. मी सेक्रेटरी आणि समितीच्या चार लोकांसमोर मोबाइल काढला. सुनेचं वजन अठ्ठेचाळीस, हातातला बांबू सहा, झाले चौपन्न. एका बाजूला चार बॅरल म्हणजे आठशे. "जवळजवळ पंधरापट आहे बाबा. हलणार नाही, मी सांगतो ना." समितीला आकडे आवडतात. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाबा गप्प राहिले. सून तेवढी समोरासमोरच्या दोन टॉवरच्या खांबांकडे बघत होती. "त्या खांबास्नी बांधलं तर?" मी म्हणालो, "खांबाला हात लावायची परवानगी नाही." मी सेक्रेटरींना विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी सकाळी नव्या रंगाबद्दल एक वाक्य टाकलं होतं, तेवढ्यावर मीच कायदा करून मोकळा झालो.

मधे नंदीबैल आला. रॅम्पवरून वर चढला आणि पोडियमच्या टाइल्सवर पाय ठेवताच चारही खुर फाकले. सकाळी सर येऊन गेली होती. बैलवाला ओरडला, माझी पोरं धावली, आम्ही रिंगणापर्यंत मॅटिंग टाकलं तेव्हा कुठे तो चालला. तीनशे-साडेतीनशे किलोचा बैल ओल्या टाइल्सवर घसरताना मी डोळ्यांनी पाहिला, त्याच्यासाठी मॅट टाकलं, आणि पन्नास फुटांवर त्याच टाइल्सवर ठेवलेल्या माझ्या बॅरलकडे मान वळवूनही बघितलं नाही. बैल कसा घसरला ते पोरं सांगत होती तेव्हा हसलोही होतो.

साडेचारपर्यंत कैच्या उभ्या राहिल्या. दोन बांबू वर फुलीत बांधायचे, तार त्या फुलीवरून न्यायची, पलीकडे तिरकी जमिनीला. दोन कैच्यांत चोवीस फूट अंतर, तार जमिनीपासून सात फुटांवर. बाबांनी टर्नबकल आवळला, काठीने तारेवर टिचकी मारली, कान दिला, परत आवळला. सर्कशीतली माणसं तार ताठ ठेवतात, जत्रेतल्या दोरासारखी झोळदार नाही. एवढं सुबक काम बघून मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात समितीतला एक पोरगा कॅमेरा घेऊन आला. उजेड छान आहे, ताईंनी आत्ताच एकदा चालून दाखवलं तर रील संध्याकाळच्या आधी ग्रुपवर जाईल. सुनेने सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्याने माझ्याकडे. मी मान हलवली. हो म्हणून.

बाबा म्हणाले, "आदी मी."

त्यांनी शिडी लावली नाही. मधोमध जाऊन उडी मारली, दोन्ही हातांनी तार धरली आणि लोंबकळले. एक झोका, दुसरा झोका. तिसऱ्याला डाव्या बाजूने किर्रर्र असा आवाज आला, पाटीवर खडू तिरका लागल्यासारखा. चारही बॅरल एका रांगेत, एकमेकांना चिकटून, शिस्तीत सरकले. कैची कलली. तार मधोमध भसकन खाली आली आणि बाबांचे पाय फरशीला टेकले. पडले नाहीत. उभेच राहिले, तार हातात.

मी टेप लावून बघितलं. बॅरल नऊ इंच सरकले होते. एक वीत. आणि त्या एका वितीने तार मधे तीन फूट खाली आली होती.

हे गणित मी रात्री घरी बसून केलं, ट्रसवाल्या इंजिनियरला फोन करून. बाराच्या उन्हात केलं असतं तर पाच मिनिटांचं होतं. तारेवर माणूस मधोमध उभा राहिला की टोकांना बसणारा ओढा त्याच्या वजनाएवढा नसतो. तार किती वाकते त्यावर तो ठरतो, आणि जितकी कमी वाकेल तितका ओढा जास्त. चोवीस फुटांची तार मधे अर्धा फूट वाकली तर चौपन्न किलोच्या माणसाला प्रत्येक टोकाला सहाशे अठ्ठेचाळीस किलोचा ओढा बसतो. बारापट. तार तिरकी खाली येते म्हणून तो ओढा बॅरलला नुसता आडवा ओढत नाही, वरही उचलतो. आणि आठशे किलोचं बॅरल आठशे किलोने अडत नाही, ओल्या टाइल्सवर प्लास्टिकचं बूड जेवढं धरेल तेवढंच धरतं, पाव हिस्सा म्हणा. मांडवाला चारही दिशांनी ताण असतात, ते एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून माझे बॅरल इतकी वर्षं मोठे वाटत होते. माती असती तर मेख तिरकी ठोकली असती आणि ओढा बसला की ती जमिनीला आणखी घट्ट धरती. हे बाबांना आकड्यांशिवाय माहीत होतं. "बॅरल कशाला धरणार?" हा प्रश्नच होता तो, आणि मी त्याला उत्तर न देता गुणाकार केला.

सेक्रेटरी धावत आले. त्यांचं पहिलं वाक्य: "टाइल्सना ओरखडा गेलाय."

नंतर विम्याचं निघालं, जबाबदारी कोणाची हे निघालं, खेळ रद्द करा असंही निघालं. मग बाईंना आठवलं की पत्रिकेत छापलंय. मी खांबांचं विचारलं. सेक्रेटरींनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "गोणपाट लावा खाली. आणि आधी फोटो काढून ठेवा रंगाचे." एवढंच होतं. दुपारी विचारलं असतं तर दुपारी एवढंच असतं.

मुलाने आणि माझ्या पोरांनी गोणपाट गुंडाळलं, त्यावर टायरचे तुकडे, त्यावर तार. खांब लांब होते, तार पुरवायला कैच्या बुटक्या कराव्या लागल्या. सातऐवजी पाच फूट. या वेळी बाबा लोंबकळले तेव्हा मी खांबाच्या वेढ्यावर हात ठेवून उभा होतो. काही हललं नाही. हाताला मात्र तार आतून थरथरताना लागली.

सात वाजता निवेदकाने, दरवर्षी आणतात तो उसन्या उत्साहाचा पोरगा, मोबाइलवर वाचून "विदेशातून आलेली सर्कसची कला" म्हणून ओळख करून दिली. अरे बाबा, 1880 साली विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस काढली. इटालियन सर्कस बघून काढली हे खरं, पण पुढे सांगली-मिरज-तासगावच्या पट्ट्यातून माणसं निघाली ती मराठीच, आणि केरळात तेल्लिचेरीला ही विद्या रुजली तीही छत्र्यांमुळेच. गाण्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, गवई रहिमत खाँसाहेब याच छत्र्यांच्या सर्कशीबरोबर फिरले. डोंबारी तर सर्कस हा शब्द यायच्या आधीपासून गावाच्या वेशीवर दोर बांधतोय. पण माइक माझ्याकडे नसतो. माझ्याकडे स्पीकर असतात.

मुलाने हलगीवर ठेका धरला. सून बांबू घेऊन चालली, मग डोक्यावर तीन कळशा घेऊन, मग पायाखाली थाळी घेऊन ती तारेवरून पुढे सरकवत, मग सायकलची रिंग तारेवर ठेवून ती पायाने फिरवत. बाबा खाली तिच्याबरोबर पावलागणिक चालत होते. वर बघत नव्हते. तारेची सावली फरशीवर पडली होती, हॅलोजनच्या उजेडात, ते त्या सावलीकडे बघत होते. सगळं मिळून बारा मिनिटं. पाचशे माणसं असतील, त्यातली चारशे मोबाइलमधून बघत होती. टाळ्यांना हात मोकळे नव्हते.

रात्री हिशेबाला बसलो तर 13,000 ऐवजी 9,000. "दोरी ठरल्यापेक्षा दोन फूट खाली होती ना." हे वाक्य ज्या माणसाने म्हटलं तो दिवसभर माझ्याशी अदबीने बोलत होता, चहा पाजत होता, वाईट माणूस नाही. म्हणूनच जास्त राग आला. ओरखड्याचे 2,500 माझ्या बिलातून वेगळे. ते मी दिले, ओरखडा माझाच होता. 4,000 ही मी माझ्या खिशातून बाबांपुढे धरले. त्यांनी मोजले नाहीत, मुलाकडे दिले. आभार नाहीत, नको नको नाही. बरोबर होतं ते.

सामान भरताना मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला माहीत होतं सरकणार म्हणून. मग ठामपणे सांगायचं ना."

तार गुंडाळत ते म्हणाले, "सांगिटलं की. माती न्हाई म्हनलं."

नात बॅरलवर बसून भेळ खात होती. सुनेने तिला खाली उतरवलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं. ती मान मी हलवली होती हे तिला दिसलं होतं. सासऱ्याकडे बघून झाल्यावर तिनेही माझ्याकडेच बघितलं होतं.

परवा खराडीहून फोन आला. दसऱ्यानंतर 'जत्रा महोत्सव', तारेवरचा खेळ हवाच, त्यांनी कुठेतरी व्हिडिओ पाहिलाय. मी पहिलं विचारलं, खाली काय आहे? "खाली? खाली पार्किंग आहे. का?" काल जाऊन मोजून आलो. दोन खांबांत चौऱ्याहत्तर फूट अंतर पडतंय. बाबांची तार पुरणार नाही, जोड द्यावा लागेल, आणि जोड दिलेल्या तारेवर ते सुनेला चढवतील असं मला वाटत नाही. लॉनच्या कडेला एक गुलमोहर आहे. माळी म्हणतो, तेवढा कोपरा जुन्या बांधावरचा आहे, त्याच्याखाली स्लॅब नाही. पहार घेऊन रविवारी जाणार आहे. बाबांना फोन त्यानंतर.