‘मला भुलीचे इंजेक्शन चालत नाही’

दात भरून घ्यायचा विषय निघाला की माझ्या सासूबाई हे वाक्य ठामपणे उच्चारतात. पूर्वी एकदा दाढेजवळ इंजेक्शन दिल्याबरोबर त्यांच्या छातीत धडधडू लागले, हात थरथरले, आणि तेव्हापासून या औषधाची आपल्याला ॲलर्जी आहे असे त्यांनी ठरवून टाकले आहे. असे ठरवणारे लोक बरेच असतात आणि त्यापायी किडलेला दात रूट कॅनालपर्यंत जाऊ देतात.

आपल्याकडे दाताच्या दवाखान्यात बहुधा लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे दोन टक्के द्रावण वापरतात आणि त्यात ८०,००० भागांत एक भाग ॲड्रिनलिन मिसळलेले असते. ॲड्रिनलिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध जागेवर टिकते आणि बधिरता लांबते. मात्र त्याचा थोडा अंश चटकन रक्तात गेला तर काही मिनिटे छाती धडधडते. सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते का हे पाहायचे आणि मग औषध सावकाश सोडायचे, ते याचसाठी. खऱ्या ॲलर्जीत अंगावर पित्त उठते, ओठ-चेहरा सुजतो, श्वासाला घरघर लागते. लिग्नोकेनच्या बाबतीत असे फारच क्वचित घडते. ॲलर्जीची ही बदनामी बऱ्याच अंशी १९०५ पासून वापरात आलेल्या प्रोकेन या जुन्या भुलीच्या औषधाची आहे. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिग्नोकेनची रासायनिक घडण निराळी आहे.

हृदयविकार असलेल्यांसाठी एका भेटीत ॲड्रिनलिनची मर्यादा साधारण ४० मायक्रोग्रॅम मानतात, आणि दोन मिलिलिटर इंजेक्शनातून २५ मायक्रोग्रॅम जाते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ते आधी सांगायलाच हवे. पण भीतीपोटी बधिर न करताच दात कोरून घेणे हा उपाय नव्हे, कारण वेदनेने शरीर स्वतःच ॲड्रिनलिन सोडते.

मला विचाराल तर काळजी मोठ्यांपेक्षा मुलांची करावी. लिग्नोकेनची सावध मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरतात. साठ किलोच्या माणसाला ती २६४ मिलिग्रॅम होते, आणि दोन मिलिलिटरमध्ये असतात अवघे ४०. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा मात्र ६६ मिलिग्रॅमवर, म्हणजे दुसरे इंजेक्शन पूर्ण होण्याआधीच संपते. म्हणून ‘सुट्टी आहे, चारही दाढा आजच भरून टाका’ असा आग्रह पालकांनी धरू नये आणि मुलाचे वजन अंदाजाने सांगू नये.

शिवाय दाताची बधिरता तासाभरात ओसरली तरी ओठ तीन ते पाच तास बधिर राहू शकतो. तेवढ्या वेळात मूल गंमत म्हणून ओठ चावत बसते आणि दुसऱ्या दिवशी तिथे सुजलेला, पांढुरका व्रण दिसतो. घरचे त्यालाही ‘इंजेक्शनची रिॲक्शन’ म्हणतात, आणि पुढे त्या मुलाच्या नावावरही तेच वाक्य चिकटते.