आमची वाटचाल: बीमापासून खिडकीपर्यंत

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावाचं पोट मागावर आहे, आणि आमचंही. बाबांचे साधे माग होते आणि ते खर्चीवाले. म्हणजे व्यापाऱ्यानं बीम (ताण्याचं, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ) आणि बाण्याचं, म्हणजे आडवं सूत पाठवायचं, आम्ही विणून द्यायचं आणि मजुरी पिकावर, म्हणजे बाण्याच्या धाग्यांवर घ्यायची. एका इंचात बाण्याचे धागे किती, पिकाला पैसे किती, मीटर किती, की झाला हिशोब. तागे टेम्पोत चढले की आमचा संबंध संपला. पुढे ते कापड कुठे रंगलं, कुणाच्या अंगावर गेलं की कुणाच्या खिडकीला लागलं, याची काही खबर नसायची. मला लहानपणापासून तेवढंच जाणून घ्यायचं होतं. आज आम्ही पडदे, सोफ्याची कव्हरं, चादरी करतो, पूर्ण घराच्या सजावटीची कामंही घेतो. त्या सगळ्याचं मूळ तिथं आहे.

शिक्षण गावातच झालं. दत्ताजीराव कदमांच्या नावाची डीकेटीई ही संस्था १९८२ मध्ये सुरू झाली, त्यामुळे माझ्यासारख्या मागवाल्यांच्या मुलींना वस्त्रोद्योगाचं तंत्र शिकायला घर सोडावं लागलं नाही. नंतर पुण्यात इंटिरिअरची पदविका केली. तिथं लाकूड, प्रकाश, रंगसंगती या सगळ्यावर भरपूर शिकवलं. कापडाच्या वाट्याला मात्र एक कॅटलॉग आला. नमुन्यांचं पुस्तक उघडायचं, रंग जुळवायचा, नंबर लिहून घ्यायचा. सूत किती काउंटचं (म्हणजे किती बारीक), ताणा-बाणा कशाचा, रंग कोणता, असं कुणी विचारत नव्हतं. आणि इकडे आमच्या गावात हे सगळं तोंडपाठ असणारी माणसं, पण खिडकीचं माप कुणी कधी घेतलेलं नाही. या दोन बाजू जोडायच्या, एवढं ठरवून मी परत आले. माग दादानं सांभाळायचे आणि गिऱ्हाईक, मापं, शिलाई मी, अशी वाटणी झाली. ती आजही तशीच आहे.

सुरुवातीलाच पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा प्रश्न आला. बाजारात पडद्याचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. आमच्या जुन्या मागांवर धुऊन-आटून ४८ इंचच हाती यायचं. सगळ्यांनी सांगितलं, आधी मोठे माग घ्या, मग या धंद्यात पडा. मी कागद घेऊन बसले. खिडकी ५ फुटांची असेल तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून रॉड ६ फुटांचा, म्हणजे ७२ इंच. दुप्पट चुण्या धरल्या तर १४४ इंच कापड. ५४ च्या पन्ह्यात त्याला तीन पाट (पूर्ण पन्ह्याचे तुकडे) लागतात, आणि ४८ च्या पन्ह्यातही तीनच! शिलाईत थोडं जातं, पण चुण्यांना ते जाणवत नाही. आपल्याकडच्या कितीतरी खिडक्या चार-पाच फुटांच्या असतात. म्हणजे आमचा अरुंद पन्हा बहुतेक घरांना पुरणार होता.

हा हिशोब मी आजही प्रत्येक नव्या मुलीकडून करून घेते. पुढची पायरी उंचीची. ७ फुटांचा पडदा, वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १ फूट, म्हणजे ९६ इंच. साधं कापड असेल तर तीन पाटांना सुमारे ७.३२ मीटर. पण नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पाट पूर्ण चार नक्ष्यांचा, २.५६ मीटरचा कापावा लागतो, तरच शेजारच्या पाटातलं फूल फुलासमोर येतं. तिथं ७.६८ मीटर झाले. वर सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं ते वेगळंच. म्हणून आम्ही कापड आधी धुऊन, आटवून मगच कापतो. वेळ जातो, खर्च वाढतो. पण पहिल्या धुण्यानंतर जमिनीपासून वर चढलेला पडदा कुणाच्याही घरात दिसू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट खळीची. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला सायझिंग करतात, खळ देतात. त्यामुळे मागावरून उतरलेला कपडा कडक असतो. तो तसाच खिडकीवर धरून ‘याला झोल चांगला नाही’, म्हणजे हा नीट खाली पडत नाही, असं म्हणणारे डिझायनर मी पाहिले आहेत. खळ धुऊन काढली की तोच कपडा मऊ होऊन सरळ खाली पडतो. आमचे जॉबर (माग दुरुस्त करणारे) मामा नुसत्या बोटांनी चोळून सांगतात की यात अजून किती खळ आहे. माझ्या दृष्टीनं इंटिरिअरच्या शिक्षणात अशा माणसांचा तास असायला हवा.

आमचं काम खऱ्या अर्थानं बदललं ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं. कोल्हापूर, सांगली, शिरोळकडची आमची कितीतरी गिऱ्हाइकं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही घराघरांत गेलो. प्लायवुडचे सोफे फुगून सुटले होते आणि फोमनं ते घाण पाणी असं पिऊन ठेवलं होतं की टाकून देण्यावाचून इलाज नव्हता. सुती पडदे मात्र बरेच वाचले. आमच्या शिलाईच्या मावशींनी पद्धत बसवली: आधी नुसत्या थंड पाण्यात गाळ सुटेपर्यंत खळबळायचं, साबण नंतर, आणि कडक उन्हात वाळवायचं. ज्यांचे ओले पडदे बोळा होऊन कोपऱ्यात पडून राहिले, त्यांच्यावरचे बुरशीचे काळे ठिपके काही केल्या गेले नाहीत.

त्यानंतर नदीकाठच्या तळमजल्यांसाठी आम्ही वेगळा विचार करायला लागलो. सागवानी किंवा वेताचा सांगाडा, त्यावर सुट्या गाद्या आणि प्रत्येक कव्हरला चेन. पाण्याची बातमी आली की गाद्या उचलून माडीवर न्यायच्या. पडदे जमिनीपर्यंत न सोडता खिडकीच्या पट्टीखाली थोडेसेच. मासिकातल्या फोटोत हे फार उठून दिसत नाही. पण जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा ज्यांनी हे करून घेतलं होतं त्यांचे फोन आले की यंदा गाद्या वाचल्या. मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती आहे.

बाकीच्या अडचणी सगळ्यांच्याच आहेत. सुताचे भाव, विजेची बिलं, १ जुलै २०१७ ला लागलेला जीएसटी. आधी कापडाच्या बिलावर कर नसायचा, त्यामुळे ते कागदपत्र शिकायला थोडा काळ गेला. त्यातून सगळेच गेले, आम्हीही गेलो.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुली मला विचारतात, आधी काय शिकू, कापड की इंटिरिअर? मी म्हणते, आधी कापड. सोफ्याचं कापड किती घासणं सोसतं हे मार्टिनडेल चाचणीत कळतं. घरात १५,००० घासण्या चालतात, हॉटेलच्या खुर्चीला ३०,००० तरी हव्यात. पश्चिमेच्या खिडकीला कोणता रंग टिकेल, हेही आधी विचारता आलं पाहिजे. व्हॅट नावाचे पक्के रंग महाग पडतात, पण दुपारच्या उन्हात ते तग धरतात. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणारा माणूस दुकानात क्वचित भेटतो, आणि लोक त्यासाठी लांबून येतात. खोलीची मांडणी शिकायला चांगले अभ्यासक्रम आहेत. कापड मात्र मागाशेजारी उभं राहूनच कळतं.

आमच्याकडे शिकायला यायचं असेल तर दिवाळी झाल्यावर या. दिवाळीआधी शिलाईच्या टेबलावर मान वर करायला सवड नसते. पहिला महिना दादाकडे, मागाच्या शेडमध्ये. कांडीवर बाण्याचं सूत भरणं, वहिफणी (ताण्याचे धागे मागात ओवणं), पीक मोजणं, तुटलेला धागा ओळखणं, सगळं करावं लागेल. दुसऱ्या महिन्यात टेप घेऊन माझ्याबरोबर मापाला.