पंधरा हजारांतली बास गिटार

पंधरा हजार रुपये. बास गिटार, तारा, दुरुस्ती आणि पट्टा, सगळं एवढ्यातच बसवायचं हे मी आधीच ठरवलं होतं. परळच्या आमच्या हौशी वाद्यवृंदात आम्ही भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी करतो. खालचे स्वर कीबोर्डवाले काका डाव्या हाताने सांभाळायचे, आणि छान सांभाळायचे. पण राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत, ती रेकॉर्डिंग्ज हेडफोनवर कान देऊन ऐकली की गाणं कुणाच्या जोरावर चाललंय ते कळतं. मला ते काम स्वतःच्या हाताने करायचं होतं.

आधी धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये गेले, हाताला माप कळावं म्हणून. बासची तार नटापासून (डोक्याकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा टेकतात तो भाग) साधारण ३४ इंच असते, छोट्या बनावटीत ३० इंच. माझा पंजा लहान आहे, त्यामुळे छोटीच घ्यावी असं सगळे सांगत होते. दोन्ही मांडीवर घेऊन बघितल्या. अंगठा नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मागे मधोमध ठेवला आणि मनगट सरळ राहिलं, तर ३४ इंचीच्या पहिल्या फ्रेटपर्यंतही (नेकवरची धातूची आडवी पट्टी) बोट पोचतं. आणि जाड ‘ई’ तारेचा स्वर लांब बासवर जास्त घट्ट, स्पष्ट येतो. तिथेच निर्णय झाला. नवीन घेतली असती तर सगळे पैसे तिच्यातच गेले असते आणि पुढच्या कामाला काही उरलं नसतं. स्वस्त वाद्याचा खरा कस त्या कामातच लागतो, म्हणून जुनी शोधायला लागले.

डोंबिवलीत एक मिळाली. इंजिनिअरिंग संपवून बंगळूरला निघालेला मुलगा विकत होता.

‘‘ताई, वर्षभर हात नाही लावलाय. तारा पार गंजल्यात.’’

‘‘तारा मी बदलणारच आहे. मला नेक बघू दे.’’

जुनी बास घेताना मी एकाच गोष्टीवर अडून बसेन: ट्रस रॉड. नेकच्या पोटात असलेली ही लोखंडी सळई तारांच्या ओढीला उलटा जोर देते. तिची षटकोनी चावी दोन्हीकडे थोडी फिरली पाहिजे. सळई आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल, तर पुढे नेक वाकली की हातात काही उरत नाही. हिची फिरत होती. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवली, नॉब फिरवून खरखर ऐकली, नेक डोळ्यासमोर धरून पीळ नाही ना ते पाहिलं. खरखर होती, हमिंग होतं, तारा बोटभर उंच होत्या. हे सगळं सुधारता येतं. दहा हजार सांगितले होते, साडेआठला दिली. दुपारच्या स्लो लोकलला गर्दी नव्हती म्हणून चार फुटांची बॅग उभी धरून आणता आली.

सगळ्यात जास्त पैसे तारांवर घातले. गुळगुळीत पृष्ठभागाच्या फ्लॅटवाउंड तारा, जाडी .०४५ ते .१०० इंच, बत्तीसशे रुपये. साध्या राउंडवाउंडच्या जवळजवळ दुप्पट, पण त्यांचा आवाज गोल आणि दबका असतो, उभ्या डबल बासच्या जवळ जाणारा. भावगीताखाली तोच शोभतो. शिवाय वळशांच्या खाचा नसल्यामुळे घाम आणि मळ कमी साठतो, जे मुंबईत फार महत्त्वाचं आहे.

सेटअपचा, म्हणजे वाद्य नीट लावून घेण्याचा, क्रम मात्र पाळावा लागतो. आधी नव्या तारा, कारण फ्लॅटवाउंडची ओढ सहसा जास्त असते आणि नेक त्या ओढीनुसार बसते. मग नेकचा बाक. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांमधली फट मोजायची. त्यासाठी बाइकवाले टॅपेट सेट करायला वापरतात तेच फीलर गेज घेतलं. फट ०.३ मिलीमीटरच्या आसपास हवी. माझी त्याहून बरीच जास्त होती. चावी पाव फेरा उजवीकडे, पुन्हा ट्यून, थोडं थांबायचं, पुन्हा मोजायचं. घाई केली तर लाकूड नंतर आपल्या मनाने सरकतं. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची: ‘ई’कडे अडीच मिलीमीटर, ‘जी’कडे दोन. शेवटी स्वरशुद्धी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळला पाहिजे. दाबलेला चढा आला तर ब्रिजवर तार टेकते ते सॅडल मागे सरकवायचं.

एवढं करूनही ‘ई’ तारेवरचा पहिला फ्रेट चढा लागत होता. ते नटाचं दुखणं. खाच उथळ असली की तार दाबताना जास्त ताणली जाते. त्या कामाला बारीक कानशी आणि सवयीचा हात लागतो, म्हणून मालाडच्या एका दुरुस्तीवाल्यांकडे नेली. त्यांनी प्लास्टिकचा नट काढून हाडाचा बसवला आणि प्रत्येक खाच त्या तारेच्या जाडीने घासली. सातशे रुपये. इतका फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडला नाही. पहिल्या पाच फ्रेटवर बोटं दुखायची थांबली.

मग वायरिंग. माझ्या बासवर दोन पिकअप आहेत, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या लहरीत बदलणारी चुंबकी वेटोळी. एक दोन तुकड्यांचा, लिओ फेंडर यांनी १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बासवर १९५७ पासून दिसतो त्या धाटणीचा. दुसरा ब्रिजजवळ, १९६०च्या जॅझ बाससारखा लांब, एकेरी. दोन तुकड्यांचे वेढे एकमेकांच्या उलट असतात, म्हणून वीजपुरवठ्याचं ५० हर्ट्झचं गुणगुणणं आपसात रद्द होतं. एकेरीत ते राहतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तांब्याची चिकटपट्टी, नॉबखाली बसणारे २५० किलोओहमचे लॉग पॉट आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. चांगल्या मोठ्या पॉटचा दांडा बसायला भोकं थोडी रुंद करावी लागली. आतली पोकळी तांब्याने मढवली, पट्टीच्या सांध्यांवर सोल्डरचे ठिपके दिले आणि मल्टिमीटरची बीप सगळीकडे येते का ते तपासलं. सगळे मिळून नऊशे रुपये. खरखर गेली. चार्जरजवळ एकट्या ब्रिज पिकअपवर गुणगुण अजून येते, कारण चुंबकीय हमिंग तांबं अडवत नाही. मी बहुतेक दोन तुकड्यांचाच वापरते. टोन नॉब खाली आणला की नव्या कपॅसिटरमुळे आवाज आणखी काळोखा होतो, तो मला फार आवडतो.

पट्टा धारावीत करून घेतला. उभं राहिलं की बासचं डोकं जमिनीकडे झुकायचं, आणि विकतचा नायलॉनचा पट्टा खांद्यावरून सरकायचा. सायन-धारावीच्या चामड्याच्या दुकानात सांगितलं, साडेतीन इंच रुंद, खरबरीत बाजू आत.

‘‘खरबरीत आत? सगळे उलटं मागतात, ताई.’’

‘‘सरकायला नको म्हणून.’’

‘‘मग टोकाला दुहेरी शिवतो, वजन आहे ना.’’

साडेसहाशेत असं काम. आता दोन्ही हात सोडले तरी बास जागची हलत नाही.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नेक हलते, म्हणून जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर फीलर गेज बाहेर काढते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, वाजवून झालं की तारांवर सुकं फडकं.

उरलेल्या पैशांत हेडफोनचा छोटा ॲम्प आला. घरी तेवढाच पुरतो, कारण ‘ई’ तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि भिंतीपलीकडे पोचते. साध्या गिटारच्या छोट्या ॲम्पला मोठ्या आवाजात बास जोडू नका, स्पीकर फाटू शकतो. तालमीला डीआय बॉक्समधून, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणाऱ्या डबीतून, थेट मिक्सरला देते. तो बॉक्स सध्या उसना आहे, गणपतीच्या कार्यक्रमाआधी स्वतःचा घ्यायचा आहे.