बिननावाची वाकिझाशी

शनिवार, रात्री

घेतली एकदाची! जपानी तलवार; पण लांब पात्याची कताना नाही, आखूड वाकिझाशी. पातं साधारण ३० ते ६० सेंटिमीटर असलं की वाकिझाशी; माझी ४५ च्या आसपास भरते. किंमत एक लाख ऐंशी हजार येन, म्हणजे आपले लाखभर रुपये. एवढ्या पैशात बरी कताना सहजासहजी मिळत नाही. वाकिझाशी मिळते, कारण एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) ती व्यापाऱ्यांना आणि प्रवाशांनाही कमरेला लावायची मुभा होती. बनल्याही भरपूर, उरल्याही भरपूर. त्यात हिच्यावर लोहाराचं नाव नाही, म्हणून आणखी स्वस्त.

शेजारीच एक नावाची होती. नाव मोठं, किंमत मात्र संशय यावा इतकी कमी, आणि पारख केल्याचा कुठलाही कागद नाही. नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या कोरण्याचा धंदा इथे कित्येक शतकं चाललाय. माझ्या वाकिझाशीला जपानी तलवारींची पारख करणाऱ्या एनबीटीएचके या संस्थेचा 'होझोन' दाखला आहे. त्यांच्या दाखल्यांतली ही पहिलीच पायरी, पण मला तेवढी पुरे. खोट्या नावापेक्षा बिननावाची परवडली.

दुकानदार आजोबांनी आधी रीत शिकवली. म्यानातून काढताना धार वर. पात्याला बोट लावायचं नाही, त्यावर तोंड करून बोलायचं नाही. उघड्या बल्बखाली पातं जरा कलतं केलं, तशी धारेलगतची पांढुरकी लाट उमटली. पाणी देण्याआधी पात्याला मातीचा लेप देतात, पाठीला जाड, धारेला पातळ. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते. ही लाट म्हणजे त्या दोहोंची हद्द, हामोन. लोक तिच्यावरच भाळतात. मी मात्र भेग शोधत होते. धारेला आडवी, केसाएवढी भेग जरी असली तरी तलवार कामातून गेली. कितीही पॉलिश करा, ती जात नाही. तशी काही सापडली नाही. पाठीकडे एके ठिकाणी घडणीतला पदर उकललाय, नखाएवढा. किंमत त्यानेही उतरली असणार. असू दे.

मग त्यांनी बांबूची खुंटी ठोकून मूठ सोडवली. आतलं पोलाद काळपट तपकिरी गंजलेलं, त्यावर कानशीचे तिरपे ओरखडे अजून शाबूत, आणि एकाऐवजी दोन भोकं, म्हणजे मूठ कधीतरी बदललीय. हा गंज कधीच घासायचा नाही. वयाचा अंदाज बराचसा त्यावरूनच बांधतात. खरं सांगायचं तर पात्यापेक्षा मला हाच भाग जास्त आवडला.

संध्याकाळी बाबांना साताऱ्याला व्हिडिओ कॉल. पहिलाच प्रश्न, "कुठल्या लढाईतली गं?" म्हटलं, "बाबा, एदोची अडीचशे वर्षं बहुतेक शांततेतच गेली. कुणा कापडवाल्याच्या कमरेला असेल." चेहरा पडला त्यांचा. "बरं, इकडे कधी आणतेस?" तर नाही आणणार. जपानबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याची परवानगी काढा, तलवारीचं सरकारी नोंदणीपत्र परत करा, आणि त्यापुढे आपलं कस्टम आहेच.

आधी ते नोंदणीपत्र नावावर व्हायला हवं. २० दिवसांत कळवावं लागतं, आणि तेही तोक्योला नाही, ज्या प्रांताने पत्र दिलं तिथल्या शिक्षण मंडळाला. माझ्या पत्रावर गिफूचा शिक्का आहे. अर्ज जपानीत भरायचाय, उद्या बसेन. सोमवारी पोस्ट.