अर्ध्या पानात न मावलेली आफ्रिका

शाळेच्या आठवणी म्हणून वर्ग, बाक, मधल्या सुट्टीतले उद्योग यांवर बाकीचे लिहितीलच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आफ्रिकेचं स्वातंत्र्य अर्ध्या पानात उरकलं होतं. पुढे तोच माझा विषय झाला, म्हणून त्यातलं एक शहर सांगतो.

सॉल्सबरी, म्हणजे आजचं हरारे. गोऱ्यांची सत्ता असलेल्या दक्षिण ऱ्होडेशिया या ब्रिटिश वसाहतीची, म्हणजे आजच्या झिंबाब्वेची, राजधानी. 1946च्या कायद्याने आफ्रिकी कामगाराची खोली त्याच्या नोकरीला बांधली. भाडं नोकरी देणाऱ्या मालकाने भरायचं. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं. बाईच्या नावावर खोली नाहीच. मान्य लग्नाचा कागद नसला, तर धाड पडली की ती बेकायदा ठरायची. चार्ल्स म्झिंगेलींच्या कामगार संघटनेने याच प्रश्नाला हात घातला. तक्रारी, कोर्ट, वस्तीच्या सल्लागार मंडळातली जागा, असा सगळा संथ मामला. पण त्यात बायकांच्या गाऱ्हाण्यांना जागा होती.

1955मध्ये सिटी यूथ लीग ही तरुण राष्ट्रवाद्यांची संघटना निघाली. चिकेरेमा, न्यांडोरो या तरुणांना म्झिंगेली फारच मवाळ वाटत. सप्टेंबर 1956मध्ये बसभाडं वाढलं आणि लीगने बहिष्कार पुकारला. बहिष्काराची गोम अशी की मूठभर लोक जरी बसमध्ये चढले, तरी तो ढिला पडतो. मग समजावणीची जागा दमदाटी घेते. जमाव कार्टर हाउसवर, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहावर, चालून गेला. बसने प्रवास केल्याची ‘शिक्षा’ म्हणून तिथे बलात्कार झाले. चळवळीच्या गौरवकथा हे गाळतात, ते मला पटत नाही.

सरकारही कमी नव्हतं. 1959मध्ये तिथल्या आफ्रिकी राष्ट्रवाद्यांच्या काँग्रेसवर बंदी, 1961मध्ये तिच्या जागी आलेल्या नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टीवर, 1962मध्ये त्यानंतरच्या झापू या पक्षावर. 1960चा कायदा-सुव्यवस्था कायदा इतका जाचक, की सरन्यायाधीश ट्रेडगोल्ड यांनी राजीनामाच दिला. सनदशीर वाट बंद, त्यामुळे ‘खरे प्रतिनिधी कोण’ हे मतपेटीत ठरण्याची सोयच उरली नाही. ते वस्तीत ठरू लागलं.

8 ऑगस्ट 1963ला सॉल्सबरीच्या हायफील्ड या आफ्रिकी वस्तीतल्या एका घरात झापूतून फुटलेला झानू हा पक्ष स्थापन झाला. झानूचे नेते सिथोले इकडे, झापूचे एन्कोमो तिकडे, आणि दोघांचे तरुण एकमेकांच्या घरांवर दगड आणि पेट्रोलबॉम्ब टाकू लागले. पेट्रोलबॉम्बसाठी त्याच वर्षी सक्तीची फाशी आली होती, तरी थांबलं नाही. कालपर्यंत एकाच पक्षाची वर्गणी भरणारे शेजारी होते हे! 26 ऑगस्ट 1964ला पंतप्रधान इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने दोन्ही गटांवर बंदी घातली आणि आफ्रिकी वाचकांचा ‘डेली न्यूज’ही त्याच दिवशी बंद केला.