मार्क जुळत होते, टायमिंग नव्हतं

इंजिन डाऊन करायचं (म्हणजे उतरवून पूर्ण खोलायचं) म्हणून आलेली एक मारुती ८०० मागच्या महिन्यात इंजिन न उघडता परत गेली. गाडी चालतीय, गिऱ्हाईक खूश आहे, पण माझ्या डोक्यातनं ती केस जाईना म्हणून लिहितोय.

१९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. मालक रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, गारगोटी भागातले. गाडी गावातनं टेम्पोत घालून कोल्हापूरला आणलेली. तक्रार अशी की इंजिनात टकटक आवाज, घाटात दुसऱ्या गिअरवर पण चढत नाही, अ‍ॅव्हरेज अठरावरनं अकरावर. तिकडच्या गॅरेजवाल्यानं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) चेक केलेलं, तिन्ही सिलिंडरला कमी, त्यावर त्यानं निकाल दिला: रिंगा गेल्या, कनेक्टिंग बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे खालच्या मुख्य शाफ्टला, जोडतो तिथलं) गेलं, बोअर-पिस्टन आणि क्रँक ग्राइंड, अडतीस हजार. गुरुजींच्या पोरानं फोनवर सांगितलं भंगारात घाला. गुरुजी म्हणाले, "मेस्त्री, २०२२ ला पासिंगला पाच हजार भरल्यात, ते तरी फिटू देत." (त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या गाडीची रिन्यूअल फी ६०० वरनं थेट ५००० झाली. जुनी गाडी लोकांनी स्वतःहून सोडावी अशीच सगळी सोय आहे, असं माझं मत.)

आता त्या गॅरेजवाल्याला मी येडा म्हणणार नाही. टकटक आणि कमी कॉम्प्रेशन एका गाडीत दिसलं की दहातले नऊ मेस्त्री तेच सांगतील. पण मला आवाज पटेना. कनेक्टिंगचा आवाज रेस वाढवली की वाढतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना तर खडखडून सांगतो मी गेलो म्हणून, हा मात्र आयडलला जास्त, रेस दिली की जवळजवळ गायब. एकेका प्लगची वायर काढून बघितली, ज्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय त्याची वायर काढली की आवाज दबतो, इथं तिन्हीला काही फरक नाही. ऑइल प्रेशरला मेकॅनिकल गेज लावला, इंजिन गरम करून आयडलला बघितलं, प्रेशर व्यवस्थित. ऑइल काढून त्यात मॅग्नेट फिरवला, कचरा नाही. आणि लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं तर आवाज ब्लॉकच्या मधनं नाही, टायमिंग बेल्टच्या (क्रँकवरनं कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याच्या) बाजूनं.

कॉम्प्रेशन मी परत घेतलं. ११८, १२०, ११६. आमच्या गेजवर चांगल्या ८०० ला १७० च्या आसपास येतं. म्हणजे कमी आहे हे खरंच. पण प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं तरी आकडा चार-पाचच्या वर हलला नाही. रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलनं सील होऊन वीस-तीसनं तरी वाढला असता. बरं, व्हॉल्व्ह म्हणावं तर सहाच्या सहा व्हॉल्व्ह एकाच मापानं कसे जळतील? इनटेकला व्हॅक्यूम गेज लावला तर काटा अजिबात थरथरत नाही, पण बसलाय बाराच्या खाली. काटा स्थिर आणि खाली, तिन्ही सिलिंडर सारखेच आजारी, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतायत आणि उशिरा मिटतायत, टायमिंग मागं पडलंय. माझ्याकडं शिकणाऱ्या पोराला म्हटलं बेल्ट एक दात सरकला असेल, कव्हर खोल.

कव्हर खोललं आणि मार्क (बेल्ट बसवताना जुळवायच्या खुणा) एकदम परफेक्ट. वर कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) मार्क जागेवर, खाली क्रँकच्या दातरी पुलीचा मार्क जागेवर, बेल्टला ताण बरोबर. पोरगं म्हणालं, "दादा, टायमिंग ओके हाय की, डाऊनच करूया." खरं सांगतो, इथंच बहुतेक गाड्या इंजिन स्टँडवर चढतात.

माझी नजर डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना वेळेवर स्पार्क वाटून देतो तो) होती. या इंजिनात तो हेडच्या मागच्या टोकाला कॅमवर चालतो आणि त्याच्या फ्लँजला लांबट खाच असते, टायमिंग मागंपुढं करायला. चांगल्या गाडीत बोल्ट त्या खाचेच्या मध्यावर कुठंतरी असतो. इथं तो अ‍ॅडव्हान्सच्या बाजूला पार टोकाला नेऊन आवळलेला, पुढं जागाच नाही. म्हणजे कुणीतरी कानानं ऐकत ऐकत स्पार्क पुढं ओढत नेलाय, गाडी ओढावी म्हणून. स्पार्क एवढा मागं का पडला हे मात्र त्यानं विचारलं नाही. कॅमपण मागं, डिस्ट्रिब्युटरपण मागं, दोघांना फिरवणारी खालची पुली एकच.

मग एक नंबरच्या प्लगच्या भोकात ज्यूसची स्ट्रॉ सोडली (स्क्रूड्रायव्हर घालू नका, पिस्टन ओरबाडतो) आणि पोराला क्रँक हातानं सावकाश फिरवायला लावला. स्ट्रॉ वर आली, थांबली, खाली जायला लागली, आणि ती बऱ्यापैकी खाली गेल्यावर पुलीचे मार्क जुळले! बेलहाऊसिंगच्या खिडकीतनं टॉर्च मारली तर फ्लायव्हीलचा टीडीसी मार्क (पिस्टन सगळ्यात वर असतानाची खूण) कधीच पुढं निघून गेलेला. फ्लायव्हील क्रँकला बोल्टनं घट्ट, ते खोटं बोलू शकत नाही. म्हणजे पुली क्रँकवर सरकली होती. मार्क पुलीवर आहे, क्रँकवर नाही, एवढी साधी गोष्ट. पोरगं स्ट्रॉकडं बघतच बसलं.

पुलीचा मधला बोल्ट सोडवायला एरवी पाईप घालून लोंबकळावं लागतं, इथं साध्या रॅचेटनं एका हातानं आला. त्याच्या मागं जाड प्लेन वॉशर पाहिजे, तिथं कुठला तरी स्प्रिंग वॉशर, दबून चपटा झालेला. पुली हातानंच निघाली आणि आतनं तांबूस बारीक पूड सांडली, हळदी-कुंकवाच्या करंड्याचं झाकण पडल्यासारखी. लोखंड लोखंडावर महिनोन्महिने घासलं की अशी पूड होते. पुली क्रँकवर सरकू नये म्हणून मध्ये बसवतात ती लोखंडी की (चावी) मधनं कापली जाऊन दोन तुकडे, खालचा तुकडा कीवेमध्ये (क्रँकवरच्या तिच्या खाचेत) तिरका अडकलेला, आणि कीवेची एक कड ठोके खाऊन गोल झालेली. टकटक ती होती. बोल्ट ढिला, पुली दर झटक्याला हलतीय, बेअरिंग बिचारं शाबूत.

कधी तरी बेल्ट बदलताना कुणीतरी हाताला लागेल तो वॉशर घालून अंदाजानं आवळलंय, दुसरं काही नाही. कुणी ते माहीत नाही, गुरुजींनापण आठवत नाही. आपल्याकडं एअरगनची हौस सगळ्यांना आहे, पण दहा गॅरेज फिरा, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) किती जणांकडं निघतो बघा, आणि निघालाच तर तो शेवटचा कधी वापरला तेपण विचारा.

दुरुस्तीवर मी जास्त वेळ घातला. नियमानं क्रँक बदलायचा, म्हणजे इंजिन डाऊन आलंच. वेल्डिंग भरून नवा कीवे मारणारे आहेत, पण त्या टोकाला एवढी उष्णता द्यायला माझं मन घेत नाही, शाफ्ट वाकडा झाला तर ऑइल सीलपासनं सगळंच बोंबलतं. क्रँकचं नाक (पुली बसते ते टोक) व्हर्नियरनं मापलं, गोलाई चांगली होती, फक्त कीवे खराब. मग बारीक ग्राइंडरनं कीवेची कड जागेवरच सरळ केली, मापं घेऊन उद्यमनगरला आमच्या नेहमीच्या लेथवाल्याकडं गेलो. त्यानं ईएन-८ पोलादामधनं पायरीची की करून दिली, खाली कीवेच्या वाढलेल्या मापाची रुंद, वर पुलीच्या मूळ मापाची. कागदावरचं माझं चित्र बघून म्हणाला, "पायरी एका अंगाला पायजे की दोन्ही?" एका अंगालाच, कारण कीवे एकाच बाजूनं खाल्लाय, मधोमध केली असती तर टायमिंग परत चुकलं असतं. हा प्रश्न न सांगता विचारणारा लेथवाला मिळतो म्हणून कोल्हापुरात गॅरेज चालवायला मजा आहे. पहिली की पॉइंट एकनं जाड झाली, ती त्यानं स्वतःच टाकून दिली आणि दुसरी केली.

नवी पुली, नवा बोल्ट, जाड वॉशर, नवा बेल्ट. ८०० जानेवारी २०१४ ला बंद झाली, पण हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत चाललं, त्यामुळं माल मिळतो अजून. रिटेनिंग कंपाउंड (पुली घट्ट धरून ठेवणारं चिकट द्रव्य) लावून पुली बसवली, मार्क लावायच्या आधी टीडीसी फ्लायव्हीलवरनं घेतला, बोल्ट टॉर्कनं आवळला. डिस्ट्रिब्युटर आपोआप खाचेच्या मध्यावर आला. कॉम्प्रेशन १६५, १६८, १६३. टकटक बंद.

बिल झालं सहा हजार दोनशे. गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मेस्त्री, इंजिन तर खोललं नाही, मग लेबर एवढं कशाचं?" अडतीस हजार द्यायला हा माणूस घरातनं तयार होऊन आलेला! पिस्टन, रिंगा, बेअरिंगं पिशवीत घालून दाखवली असती तर एक शब्द बोलला नसता. गॅरेजमध्ये लोक खोलण्याचे पैसे देतात, शोधण्याचे देत नाहीत, आणि मग मेस्त्रीपण शोधायचं सोडून खोलायला लागतो, त्यात त्याला दोष तरी कसा द्यायचा. मी सात-आठशे सोडले. नको सोडायला होते असं बायको म्हणते.

मला खरी काळजी त्या कीची आहे. पायरीची की ही दुरुस्ती आहे, नवा क्रँक नाही. हजार किलोमीटरला गाडी आणा, बोल्ट चेक करून देतो, पैसे नाही घेणार, असं बजावून पाठवलं. दोनदा फोन केला. परवा म्हणाले, "आवो गाडी घाटात तिसऱ्यावर चढतीय, आता कशाला दाखवायची?"

पुढच्या रविवारी मीच जाऊन येणार आहे, रेंच घेऊन.