नितळ डोंगरी तळ्यावर ट्राउट आणि मुक्काम: हंगामाची प्रगती

बर्फ फुटल्यापासून पहिल्या हिमवर्षावापर्यंत ट्राउट (थंड, स्वच्छ पाण्यातला मासा) गरवण्यात काय बसलं आणि काय अजून डळमळीत आहे, त्याची ही नोंद. सगळ्यात मोठा बदल म्हणजे गळाची लांब फेक जवळपास बंद केली आहे. सगळा जोर आता काठालगतच्या पहिल्या दहा मीटरवर. उंचावरच्या तळ्यात मधलं खोल पाणी थंड आणि अन्नाला गरीब असतं. ऊन तळापर्यंत पोचतं ते काठाजवळ, शेवाळ तिथे, अळ्या तिथे, आणि वाऱ्याने पडलेले मुंगळे-भुंगेही तिथेच. उथळ भाग संपून तळ एकदम खाली उतरतो त्या कडेने ट्राउट काठाला समांतर गस्त घालतात. थेट पाण्यापाशी जाऊन तीस मीटर फेक मारणाऱ्याने हातातला मासा आधीच पळवलेला असतो.

म्हणून पहिली फेक पाण्यापासून चार-पाच मीटर मागे राहून, काठाला जवळजवळ समांतर. मग पंख्यासारखं थोडं थोडं आत सरकायचं. पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा टोपीइतकाच आवश्यक. गस्तीचा मासा दिसला की त्याच्या अंगावर टाकू नका. त्याच्या वाटेवर तीन-चार मीटर पुढे टाकून ठेवा, तो जवळ आला की बोटभर हलवा. मासा वळून गेला तरी जागा सोडायची घाई नको. बरेचदा तो त्याच वाटेने परत फिरतो.

दिसण्याचं गणित एकदा नीट मांडलं की बरेच वाद मिटतात. माशाला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. तिचा कोन सुमारे 97 अंश. मासा 1 मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर खिडकीची त्रिज्या साधारण 1.1 मीटर, 2 मीटर खोल असेल तर दुप्पट. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा, त्यात तळाचं प्रतिबिंब. पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या खाली जे काही आहे ते खिडकीच्या कडेला इतकं चेपलं जातं की जवळपास दिसतच नाही. खिडकीच्या कडेपासून 10 मीटरवर दहा अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर उंची, 5 मीटरवर जेमतेम 90 सेंटिमीटर. थोडक्यात, दहा मीटरवर उभं राहिलं तर निभतं, पाच मीटरवर गुडघे टेकायलाच हवेत. मीटरभर उंच खडकावर चढलात तर तो मीटर तुमच्या उंचीत जमा. सावली हा वेगळा विषय, तिला हे गणित लागू नाही. सूर्य पाठीशी असेल तर सावली कुठवर पडते ते आधी बघा. पायाखाली डुगडुगणारा दगडही सावलीइतकाच घातक, त्याचा धक्का पाण्यात लगेच पोचतो.

लाईन. फ्लायसाठी, म्हणजे किड्याची नक्कल असलेल्या हुकाच्या माशीसाठी, लीडर (लाईनच्या टोकाचा बारीक दोरा) 3.6 ते 4.5 मीटर, वारा असेल तर आखूड चालतो. टिपेटच्या (लीडरच्या सगळ्यात बारीक टोकाच्या) X आकड्याचा हिशेब सोपा आहे: 11 मधून X वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. म्हणजे 4X सुमारे 0.18 मिमी, 5X 0.15 आणि 6X 0.13. नितळ, शांत पाण्यावर 5X ही आमची कायमची निवड. 6X फक्त बारीक माशीसाठी, कारण खडकाळ तळावर ती घासून जाते. दोऱ्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) पाण्याच्या जितका जवळ तितका तो कमी दिसतो: फ्लोरोकार्बनचा 1.42, पाण्याचा 1.33, नायलॉन त्याहून दूर. शिवाय फ्लोरोकार्बन बुडतं. त्यामुळे पाण्याखालच्या माशीला फ्लोरोकार्बन आणि तरंगत्या माशीला नायलॉन, उलट केलंत तर माशी ओढून बुडते. गाठ आवळताना थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने दोरा तिथेच कमजोर होतो, आणि गाठीपाशी केसासारखी कुरळी झालेली लाईन दिसली तर कापून परत बांधा.

स्पिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे रिळावरून वजनदार आमिष फेकून ओढणाऱ्यांसाठी: 1.8 ते 2.1 मीटरचा अल्ट्रालाइट रॉड, 1000 आकाराचं रीळ, 0.16 ते 0.18 मिमी लाईन, 3 ते 5 ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष). पहिल्या फेकीला स्पून तळाला टेकेपर्यंत आकडे मोजा. लाईन सैल पडली की टेकला. पुढच्या फेकीला त्यातले दोन आकडे कमी मोजून ओढायला लागा. लखलखीत चांदीपेक्षा मळकट तांब्याचा किंवा काळपट स्पून नितळ पाण्यात जास्त चालतो, निदान ऊन वर आल्यावर तरी. फिरत्या पात्याचा स्पिनर लावलात तर लाईनला पीळ बसतो आणि तासाभरात रिळावर गुंता. त्यावर उपाय म्हणजे ल्युअरच्या (आमिषाच्या) 50-60 सेंटिमीटर वर काळी, लहान स्विव्हल (फिरती कडी). ड्रॅग (मासा ओढताना रीळ लाईन सोडतं तो ताण) लाईनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा, नाहीतर काठाजवळ लागलेला मासा पहिल्या उडीतच तोडतो.

स्पिनिंग रॉडवर माशी टाकायची तर पारदर्शक बबल फ्लोट (पोकळ तरंगता गोळा) अर्धा पाण्याने भरा. भरल्याने वजन येतं, पूर्ण भरलात तर बुडतो. मागे दीड ते दोन मीटर टिपेट. फ्लोट पडताना छपकन आवाज होतोच, म्हणून माशाच्या बऱ्याच पुढे टाकून हळू ओढत आणायचा.

हंगामाचं वर्तन थर्मामीटरनेच कळतं, दोरीला बांधून मीटरभर खोल सोडा. बर्फाखालचं पाणी 4 अंशांना सर्वांत जड असल्याने तळाशी तेच असतं. बर्फ गेल्यावर वरचं पाणी 4 अंशांवर आलं की वारा सगळं तळं ढवळतो. तेव्हा येणाऱ्या ओढ्याचं तोंड आणि काळ्या गाळाचे उथळ कोपरे बघा, तेच आधी तापतात. 5 अंशांखाली आमिष अगदी हळू ओढायला हवं. 10 ते 16 अंशांत ट्राउट मोकळेपणाने खातात. दुपारी उतार तापले की वारा दरीतून वर चढतो आणि किडे उडवून आणतो. ते ज्या काठाला लोटले जातात तिकडे, म्हणजे वारा तोंडावर घेऊन, गरवायचं. कुणाला हे आवडत नाही, पण मासे तिकडेच असतात.

सध्या जास्त काम चाललंय ते चिरोनोमिड माशीवर, म्हणजे डासासारख्या किड्यांच्या कोशाच्या नकलेवर. हूक 14 ते 18 नंबरचा. खोली मोजायची युक्ती: हुकाला फोर्सेप्सचा चिमटा लावून तळापर्यंत सोडा. इंडिकेटर (चावा दाखवणारा लहान तरंगता मणी) लीडरवर इतका सरकवा की तो पृष्ठभागाखाली 30 सेंटिमीटर राहील. चिमटा काढलात की माशी तळापासून तेवढीच वर लटकते. चाव्याला इंडिकेटर बुडतोच असं नाही, कधी नुसता तिरका होतो. वाऱ्यात मात्र लाईनला कमान पडते आणि माशी खोली सोडून वर उचलली जाते. ती कमान वारा येतो त्या बाजूला उलटवत राहणं एवढाच इलाज सापडला आहे, तो अपुरा आहे.

आता तंबू. पाण्यापासून किमान 60 मीटर, आणि खोलगट जागी कधीच नाही. रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत तळ्याच्या वाटीत साचते, दमट काठावर तंबूचा आतला पडदा सकाळी ठिबकतो. काठापेक्षा पाच-दहा मीटर उंच सपाट टप्पा मिळाला तर दोन्ही त्रास कमी, आणि पहाटे मासे बिथरत नाहीत. खडकाळ जमिनीत खुंटी जात नाही. तेव्हा ताणदोरीच्या टोकाचा फास मुठीएवढ्या दगडाला घाला, तो जमिनीवर ठेवून दोरी ताणा, आणि लहान दगडाच्या पुढे, तंबूच्या बाजूने, दोरीवर एक मोठा धोंडा ठेवा. लहान दगड मोठ्याला अडतो आणि दोरी सुटत नाही. थेट मोठ्या दगडाला गुंडाळली तर कडेवर घासून रात्रीत तुटू शकते. दगड निघताना जागच्या जागी परत ठेवा.

चुलीबद्दल: साधं ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणं सोडतं, म्हणून आयसोब्युटेन-प्रोपेनचा डबाच घ्या. तोही अर्धा संपल्यावर रडतो, कारण प्रोपेन आधी जळून जातं आणि बाष्पीभवनाने डबा स्वतःच गार पडतो. उथळ भांड्यात तळ्याचं पाणी घेऊन डबा त्यात उभा करा. हवा शून्याखाली असली तरी पाणी 4-5 अंशांचं असतं, ज्योत लगेच सुधारते. वाराआड डब्याभोवती पूर्ण बंद करू नका, डबा तापून फुटण्याचा धोका आहे. पाणी दर 300 मीटरला सुमारे 1 अंश कमी तापमानाला उकळतं, 3000 मीटरवर 90 च्या आसपास. प्यायचं पाणी तिथे खळखळून 3 मिनिटं उकळा. फिल्टर वापरत असाल तर तो रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की तंतू फुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि पाणी न गाळताच जातं.

3000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. गडगडाट ऐकू आला की कार्बन रॉड हातातून खाली, उघड्या काठावरून बाजूला. छातीभर पाण्यात उतरणं या तळ्यांत फायद्याचंही नाही, मासे तर तुमच्या मागेच असतात.

सोडायचा मासा असेल तर हुकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, हात ओले करा, जाळी रबराची. फोटोसाठी दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. थंड तळ्यात मासा फार हळू वाढतो, एकदा रिकामं झालेलं तळं लवकर भरत नाही. याला एक अपवाद आहे: बारक्या ब्रुक ट्राउटनी गच्च भरलेलं तळं. तिथे नियम परवानगी देत असतील तर काही मासे नेल्याने उरलेल्यांना खायला मिळतं. परवाना आणि मर्यादा त्या तळ्यापुरती तपासा, शेजारच्या तळ्याची चालत नाही.

दुसऱ्या तळ्यावर जायच्या आधी बूट, जाळी आणि वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घासून, धुऊन पूर्ण वाळवायचे. बुटाचे फेल्टचे (दाट लोकरी कापडाचे) तळ वाळायला सगळ्यात जास्त वेळ घेतात, आणि जंतू-शेवाळ त्यांच्यातूनच प्रवास करतं. आमचे फेल्ट आता काढून रबरी तळ बसवले आहेत. ओल्या खडकावर पकड थोडी कमी आहे, त्यासाठी कार्बाइडचे खिळे लावून बघणं चालू आहे.